आयटी आणि कन्सल्टिंगमधला जबरदस्तीचा राजीनामा बंद व्हायलाच हवा

आमच्या क्षेत्रात कुणाला काढून टाकत नाहीत, निदान कागदावर तरी नाही. कागदावर सगळे स्वतःहून जातात, "वैयक्तिक कारणांमुळे". प्रत्यक्षात काय होतं तर कॅलेंडरवर अचानक पंधरा-वीस मिनिटांची मीटिंग येते, विषय काहीतरी साधाच, "क्विक कनेक्ट" वगैरे, आत एचआर असते आणि कधी कधी डिलिव्हरी मॅनेजरही असतो जो पूर्णवेळ खाली बघत बसतो, आणि सांगितलं जातं की पोर्टलवर रेझिग्नेशन टाका, आजच टाका, म्हणजे नोटीस पे मिळेल आणि रिलीव्हिंग लेटर क्लीन येईल, नाहीतर उद्या टर्मिनेशन लेटर निघेल आणि ते पुढच्या प्रत्येक बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला दिसत राहील. घरी बोलून उद्या सांगतो म्हणलं तर नाही, लॅपटॉप आज जमा करायचाय. आणि मग बारा-तेरा वर्षं नोकरी केलेला माणूस, ज्याच्यावर होम लोन आहे, मुलांच्या फिया आहेत, तो त्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने ड्रॉपडाउनमधून कारण निवडतो आणि सबमिट करतो.

हे मी वाढवून सांगत नाहीये. २०१७ मध्ये टेक महिंद्राच्या एचआरची एक ऑडिओ क्लिप बाहेर आली होती, बऱ्याच जणांनी ऐकली असेल. त्यात कर्मचाऱ्याला सांगत होते की उद्या सकाळी दहाच्या आत राजीनामा दे, नाहीतर कंपनी काढेल, कॉस्ट कमी करायची आहे, तुझं नाव यादीत आहे. ती क्लिप इतकी पसरली की आनंद महिंद्रांनी स्वतः जाहीर माफी मागितली. माफी मागितली हे चांगलंच केलं, पण त्या क्लिपमध्ये जे ऐकू आलं ते ऐकून आमच्यातल्या कुणालाच नवल वाटलं नव्हतं, नवल एवढंच वाटलं की कुणीतरी रेकॉर्ड करायची हिंमत केली. त्याला आता बरीच वर्षं झाली आणि पद्धत तीच आहे, फरक एवढाच की आता मीटिंगला फोन बाहेर ठेवायला लावतात.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मला नीट मांडायचंय. कंपनीला माणसं कमी करायची वेळ येऊ शकते, मी ते नाकारत नाही. पण प्रोजेक्ट न मिळण्याची जोखीम ही धंद्याची जोखीम आहे, कंपनी त्या जोखमीसाठीच नफा घेते, आणि जेव्हा ती जोखीम खरी ठरते तेव्हा तिचं बिल "परफॉर्मन्स कमी पडला" आणि "स्वतःहून राजीनामा दिला" असं लिहून कर्मचाऱ्याच्या नावावर फाडलं जातं. हे अन्यायाचं आहे आणि मुख्य म्हणजे हे कायद्यातून सुटण्यासाठी केलं जातं.

आधी हा धंदा कसा चालतो ते सांगतो, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं की आयटीवाले बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, बसून फुकट पगार घेतात. कन्सल्टिंग आणि आयटी सर्व्हिसेस या कंपन्या काही वस्तू बनवत नाहीत, त्या माणसांचे तास विकतात. क्लायंटला तासाचा किंवा महिन्याचा रेट लावायचा, माणसाला त्यातला एक भाग पगार म्हणून द्यायचा, उरलेल्यातून ऑफिस, सेल्स, नफा. आता क्लायंट सोमवारी म्हणाला की पुढच्या आठवड्यापासून आठ जण पाहिजेत, तर ते आठ जण तयार असायला लागतात, म्हणून कंपनी स्वतःच काही लोक बिलिंगशिवाय ठेवते. मोठ्या भारतीय कंपन्यांचं युटिलायझेशन साधारण ८४-८६ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे शंभरातले चौदा-पंधरा लोक कुठल्याही दिवशी बिलिंगवर नसतातच आणि ते तसं नसणं हे धंद्याच्या गणितातच धरलेलं असतं. त्या चौदा जणांमुळेच कंपनी क्लायंटला पटकन टीम देऊ शकते. मग त्यांच्यातलाच एखादा दोन महिने रिकामा राहिला तर तो नालायक कसा ठरतो?

आणि रिकामा राहणं त्याच्या हातात किती असतं हेही बघा. प्रोजेक्ट आणणं सेल्सचं काम, कुणाला कुठे टाकायचं ते रिसोर्स मॅनेजमेंट ग्रुप ठरवतो, क्लायंट इंटरव्ह्यू घेतो आणि त्याला स्वस्तातला ज्युनिअर पाहिजे असतो, प्रोजेक्टमधून रिलीज कधी करायचं ते मॅनेजर ठरवतो, चार वर्षं एकाच जुन्या टेक्नॉलॉजीवर ठेवायचं कारण क्लायंट त्या माणसाला सोडत नाही हे अकाउंट मॅनेजर ठरवतो, आणि मग त्या अकाउंटचं काम संपलं की त्याच माणसाला म्हणायचं की तुझं स्किल मार्केटमध्ये चालत नाही. टीसीएसने जून २०२५ पासून नियम आणला की बारा महिन्यांत किमान २२५ दिवस बिलिंग पाहिजे आणि बेंचवर ३५ दिवसांच्या वर राहता येणार नाही, आणि प्रोजेक्ट मिळवण्यासाठी पाठपुरावा करायची जबाबदारी कर्मचाऱ्याची. पुढच्याच महिन्यात त्यांनी सुमारे २ टक्के म्हणजे १२ हजारांवर लोक कमी करणार असं जाहीर केलं, मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले, आणि कारण दिलं की एआय नाही, स्किल मिसमॅच आहे, या लोकांना कुठे लावता येत नाहीये. बरं, मान्य करू की मिसमॅच आहे. पण पंधरा वर्षं ज्याने तुम्ही सांगाल ते काम केलं, तुम्ही नेमाल त्या प्रोजेक्टवर राहिला, तुमच्या पोर्टलवरची सगळी सर्टिफिकेशन्स केली, त्याचं स्किल कालबाह्य झालं असेल तर त्यात अर्धी तरी जबाबदारी त्याला तिथे बसवणाऱ्यांची आहे की नाही?

हीच कंपनी २०२१-२२ या एका वर्षात निव्वळ एक लाखाहून जास्त माणसं वाढवत होती. बाकीच्यांचंही तेच. तेव्हा मागणी होती, लोक टिकत नव्हते, इन्फोसिसचं अ‍ॅट्रिशन, म्हणजे सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, २७ टक्क्यांच्या वर गेलं होतं, जो दिसेल त्याला ऑफर लेटर दिलं जात होतं. तो अंदाज चुकला. अंदाज वरच्यांचा चुकला, बोर्डाचा चुकला, आणि त्याची किंमत कोण देतंय तर २०२२ मध्ये पास झालेली मुलं, ज्यांना ऑफर देऊन दोन-दोन वर्षं जॉइनिंगच दिलं नाही. विप्रोने फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्रेनिंग पूर्ण केलेल्या फ्रेशर्सना साडेसहा लाखांची ऑफर असताना साडेतीन लाखांवर येता का असं विचारलं. इन्फोसिसच्या म्हैसूर कॅम्पसमधून फेब्रुवारी २०२५ मध्ये ३०० च्या वर ट्रेनी काढले गेले, त्यातले बरेच जण असेच दोन वर्षं वाट बघून आलेले होते. कंपनीचं म्हणणं की परीक्षेच्या तीन संधी दिल्या होत्या आणि हा नियम करारात आहे. असेल. पण दोन वर्षं ज्याने दुसऱ्या ऑफर सोडल्या त्याला काही महिन्यांत परीक्षेवर घरी पाठवताना त्या दोन वर्षांचा हिशोब कुणीच धरत नाही.

आता परफॉर्मन्सबद्दल. पीआयपी म्हणजे परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, नावाप्रमाणे सुधारणेसाठी असायला पाहिजे, आणि काही चांगले मॅनेजर तो तसा वापरतातही. पण जेव्हा वरून आकडा येतो की तुमच्या युनिटमधून इतके टक्के खालच्या बँडमध्ये दाखवा, तेव्हा मॅनेजर आधी आकडा बघतो आणि मग त्यात बसणारी माणसं शोधतो. बेल कर्व्ह, म्हणजे ठरलेल्या टक्क्यांना खालचं रेटिंग द्यायची पद्धत, बंद केला असं बऱ्याच कंपन्या सांगतात, तरी मार्च-एप्रिलमध्ये रेटिंग त्या टक्क्यांत बसवायच्या नॉर्मलायझेशनच्या मीटिंगा होतातच, आणि त्यात सगळ्यात सोपं कुणाला खाली ढकलणं असतं तर जो तिथे आपली बाजू मांडायला नाही त्याला. वर्षाच्या मध्यात टीम बदललेला, लांब सुट्टीवर गेलेला, आजारी पडलेला, आणि बाळंतपणाच्या रजेवरून आलेली बाई.

हा शेवटचा प्रकार मी जवळून बघितलाय. माझ्या टीममध्ये एक टेस्ट लीड होत्या, मी जॉइन झालो तेव्हा त्यांनीच मला काम शिकवलं होतं, क्लायंट त्यांना नावाने ओळखायचा. सव्वीस आठवड्यांच्या रजेवरून परत आल्या तर त्यांची जागा भरलेली, मग बेंच, मग रात्रीच्या शिफ्टचे दोन प्रोजेक्ट दाखवले जे तान्ह्या बाळामुळे त्यांना घेता येईनात, मग सिस्टिममध्ये नोंद झाली की "असोसिएटने दोन संधी नाकारल्या", आणि त्या वर्षाचं रेटिंग खालचं आलं कारण अर्धं वर्ष त्यांचं "काँट्रिब्युशन" नव्हतं. त्यानंतर पीआयपी, त्यानंतर ती मीटिंग. सगळं कागदोपत्री एकदम व्यवस्थित, एकेक पायरी पॉलिसीप्रमाणे, कुठेही कुणी आवाज चढवला नाही. मॅटर्निटी बेनिफिट कायदा १९६१ चा होता, आता तो नवीन लेबर कोडमध्ये गेलाय, २०१७ मध्ये रजा १२ वरून २६ आठवडे झाली, रजेवर असताना काढता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून रजा संपल्यावर थोडं थांबून काढतात. त्यांच्या रेझिग्नेशनवर कारण लिहिलं होतं "पर्सनल". याचा मला आजही संताप येतो.

मग प्रश्न येतो की राजीनामाच का पाहिजे असतो, सरळ काढत का नाहीत. कारण आपल्याकडे कायदा आहे, तो लोकांना माहीत नाही एवढंच. आधी तो औद्योगिक विवाद कायदा १९४७ होता, आता याच तरतुदी नवीन लेबर कोडमध्ये आहेत. जुन्या कायद्यातलं कलम २५एफ म्हणायचं की वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचं असेल तर एक महिन्याची लेखी नोटीस, त्यात कारण, किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून, आणि सरकारला कळवायचं. पुढचं २५जी म्हणायचं की त्या प्रकारच्या कामातला जो शेवटी आला तो आधी जाईल, तसं करायचं नसेल तर कारण नोंदवायचं. आता बघा, शिस्तभंगाची कारवाई सोडली तर मालकाने कुठल्याही कारणाने केलेली कपात यात येते, पण स्वतःहून दिलेला राजीनामा येत नाही. म्हणजे त्या वीस मिनिटांच्या मीटिंगमध्ये जे एक बटण दाबून घेतात, त्या बटणाने नोटीस गेली, भरपाई गेली, जुन्यांना आधी काढलं तर कारण देण्याची जबाबदारी गेली, सरकारदरबारी नोंद गेली. बारा हजार लोक कमी झाले तरी सरकारच्या दृष्टीने कपात झालीच नाही, बारा हजार जणांची वैयक्तिक कारणं एकदम निघाली.

यावर कंपन्यांचा ठरलेला युक्तिवाद असतो की तुम्ही कामगार नाहीच, तुमच्या पदनामात मॅनेजर, कन्सल्टंट, लीड असं आहे. इथे बहुतेक लोक गप्प बसतात, आपल्यालाच वाटतं की आपण व्हाइट कॉलर, आपल्याला कामगार कायदा कुठला. पण कायदा पदनाम बघत नाही, काम बघतो. जो तांत्रिक, कुशल किंवा कारकुनी काम करतो तो कामगार, जो खरोखर व्यवस्थापकीय अधिकार वापरतो, म्हणजे माणसं नेमणं, काढणं, रजा मंजूर करणं, खर्चाचे निर्णय घेणं, तो नाही. दिवसभर कोड लिहिणारा, टेस्टिंग करणारा, एक्सेल आणि स्लाइड बनवणारा माणूस नावापुरता असिस्टंट मॅनेजर असला म्हणून मॅनेजर होत नाही. चेन्नईत २०१५ मध्ये टीसीएसने काढलेल्या एका कर्मचाऱ्याने हेच कोर्टात मांडलं, कंपनी म्हणाली हा मॅनेजर आहे, आणि २०२२ मध्ये लेबर कोर्टाने त्याला परत कामावर घ्यायचा आदेश दिला. सात वर्षं लागली. ही सात वर्षं हाच तर कंपन्यांचा खरा भरवसा असतो, कारण किती जण सात वर्षं थांबू शकतात? त्याच २०१५ च्या कपातीत मद्रास हायकोर्टाने एका गरोदर कर्मचारी महिलेच्या टर्मिनेशनला स्थगिती दिली होती, ती मात्र लगेच मिळाली होती, त्यामुळे अगदीच काही होत नाही असंही नाही. २०१६ मध्ये तामिळनाडू सरकारने स्पष्टच केलं की आयटीतले कर्मचारी युनियन करू शकतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन लेबर कोड लागू झालेत, जुने कायदे त्यात गेले. कपातीची भरपाई तीच पंधरा दिवसांची आहे, वर रीस्किलिंग फंड म्हणून पंधरा दिवसांचा पगार मालकाने भरायचा आहे, आणि वेतन संहितेत लिहिलंय की नोकरी कशीही संपो, राजीनामा असो की कपात, हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. दोन दिवसांत! आमच्याकडे फुल अँड फायनल म्हणजे ४५ दिवस हे इतकं अंगवळणी पडलंय की लोक विचारतही नाहीत. पण राजीनाम्याची पळवाट नवीन कोडमध्येही तशीच उघडी आहे. सरकारी परवानगीशिवाय कपात करता येत नाही हे कलम आधीही कारखाने, खाणी, मळे यांनाच होतं, ऑफिसांना नव्हतं, आणि आता तर त्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली आहे.

नोटीस पिरियडचं तर बोलायलाच नको. आपण सोडायचं तर बऱ्याचदा ९० दिवस, बायआउट, म्हणजे पैसे भरून लवकर सुटणं, मॅनेजरच्या मर्जीवर, मधे दुसरी कंपनी थांबत नाही म्हणून हातातली ऑफर जाते. कंपनीने काढायचं तर त्याच करारात अनेकदा असतं की एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी बेसिक पगार, आणि बेसिक म्हणजे अनेकदा एकूण पगाराचा तिसरा-चौथा हिस्सा. दोन्ही बाजूंना सारखी नोटीस असावी एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला काय हरकत आहे मला खरंच कळत नाही.

स्ट्रॅटेजी कन्सल्टिंग आणि बिग फोर, म्हणजे ईवायसारख्या चार मोठ्या ऑडिट-कन्सल्टिंग फर्म, यांच्यात रूप जरा वेगळं आहे. तिथे "अप ऑर आउट" उघडपणे सांगितलेलं असतं, दोन-तीन वर्षांत वरच्या पदावर गेला नाहीत तर बाहेर, आणि आत येणाऱ्याला ते माहीत असतं. उघड आहे एवढ्यापुरतं मी त्याला प्रामाणिक म्हणेन. पण त्याचा कामावर परिणाम काय होतो? जो कायम सिद्ध करत राहतो तो कधीच नाही म्हणू शकत नाही. पुण्यात ईवायच्या ऑफिसमध्ये काम करणारी २६ वर्षांची एक सीए मुलगी जुलै २०२४ मध्ये गेली, नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेले, आणि तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं की कामाच्या ताणाने माझी मुलगी गेली आणि अंत्यसंस्काराला ऑफिसमधून कुणी आलं नाही. कंपनीने कामाच्या ताणामुळे मृत्यू झाला हे मान्य केलं नाही. त्यानंतर महाराष्ट्राच्या कामगार खात्याने तपासणी केली तेव्हा कळलं की २००७ पासून चालू असलेल्या त्या ऑफिसची शॉप्स अँड एस्टॅब्लिशमेंट कायद्याखाली नोंदणीच नव्हती. सतरा वर्षं! दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास ही मर्यादा तेव्हा ज्या कायद्यात होती त्याच कायद्याच्या वहीत ते ऑफिस नव्हतं, आणि एका मुलीचा जीव जाऊन तिच्या आईचं पत्र देशभर वाचलं जाईपर्यंत कुणी तपासायला गेलं नाही. तास आणि नोकरीची असुरक्षितता या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, ज्याला उद्या यादीत नाव येईल अशी भीती आहे तोच रात्री दोन वाजता डेक, म्हणजे प्रेझेंटेशन, पूर्ण करतो आणि टाइमशीटवर आठच तास भरतो, कारण जास्त भरले तर त्या क्लायंटच्या कामाचं बजेट फुटतं आणि ते मॅनेजरला आवडत नाही.

दुसरी बाजूही ऐकून घेऊ, ती पोकळ नाहीये. म्हणतात की क्लायंट खर्च कमी करतायत, एआयमुळे दहा जणांचं काम सहा जणांत होतंय, आता कंपनीने माणसं धरून ठेवली तर कंपनीच बुडेल आणि मग सगळ्यांच्याच नोकऱ्या जातील. हे जगभर चाललंय, अ‍ॅक्सेंचरने मार्च २०२३ मध्ये १९ हजार लोक कमी करायचं जाहीर केलं, मॅकिन्झीने त्याच वर्षी सुमारे १,४०० जागा कमी केल्या. मला यातलं बरंचसं पटतं. मागणी खरंच बदलतेय आणि कुणाचीही नोकरी कायमची राहू शकत नाही. पण मग तसं म्हणा ना, की काम कमी झालंय, तुमची चूक नाही, आम्ही कपात करतोय, ही घ्या भरपाई, हे घ्या स्पष्ट लेखी पत्र. त्या अ‍ॅक्सेंचरने आकडा जाहीर केला, खर्च किती येईल तेही गुंतवणूकदारांना सांगितलं. कपात जाहीर करणं आणि कपात करून ती राजीनाम्याखाली लपवणं यात लोकांच्या आयुष्याचा फरक पडतो, कारण "कंपनीने पद रद्द केलं" असं पत्र असलेला माणूस पुढच्या इंटरव्ह्यूला मान वर करून सांगू शकतो आणि "स्वतःहून सोडली, दुसरी ऑफर नाही" असं सांगणाऱ्याकडे समोरचा संशयानेच बघतो.

दुसरं म्हणतात की तुम्हाला पगार जास्त मिळतो, त्यात ही असुरक्षितता धरलेली आहे. कुणाला जास्त मिळतो? फ्रेशरचं पॅकेज दहा-बारा वर्षांपूर्वी तीन-साडेतीन लाख होतं, आजही बहुतेकांना तेवढंच देतात. आणि बेंचवर पगार देणं परवडत नाही म्हणणाऱ्यांना एक आठवण करून द्यायचीय. याच कंपन्या एच-वन-बी व्हिसावर माणसं अमेरिकेत पाठवतात, आणि तिथला नियम असा आहे की प्रोजेक्ट नाही म्हणून कर्मचारी रिकामा असेल तर मालकाला त्याचा ठरलेला पगार चालू ठेवावाच लागतो, रिकामेपणाचं कारण मालकाकडचं असेल तर पगार कापता येत नाही. हा नियम तिथे आहे म्हणून या कंपन्यांनी अमेरिकेतला धंदा बंद केलेला नाही.

मग करायचं काय. माझ्या मते सगळ्यात आधी एकच बदल झाला तरी खूप होईल: मालकाच्या आवारात, मालकाने बोलावलेल्या मीटिंगमध्ये घेतलेला राजीनामा ठराविक दिवसांत, समजा पंधरा दिवसांत, मागे घेता यावा, आणि एका तिमाहीत एखाद्या कंपनीतून राजीनाम्यांची संख्या अचानक वाढली तर कामगार खात्याने ती आपोआप तपासावी. पीएफच्या रेकॉर्डमध्ये प्रत्येकाची एक्झिट डेट आणि कारण जातं, म्हणजे माहिती सरकारकडे आधीच आहे, ती बघायचीच आहे फक्त. रिलीव्हिंग लेटर आणि एक्स्पिरियन्स लेटर अडवून ठेवणं हा दंडनीय गुन्हा व्हावा, कारण ती दोन कागदंच त्या खोलीतलं खरं हत्यार आहेत, ते काढून घेतलं तर एचआरकडे धमकी द्यायला फारसं काही उरत नाही. आणि कर्नाटक सरकार वर्षानुवर्षं आयटीला स्टँडिंग ऑर्डर्सच्या कायद्यातून सूट देत आलंय, २०२४ मध्ये परत पाच वर्षांसाठी दिली, असल्या सवलती बंद व्हाव्यात. तक्रार कशी करायची, शिस्तभंगाची कारवाई कशी चालेल हे लेखी ठरलेलं असणं यात उद्योगाचं काय नुकसान आहे?

तोपर्यंत ज्यांच्यावर वेळ येईल त्यांच्यासाठी. त्या खोलीत काहीही सबमिट करू नका. "मला लेखी द्या, मी वाचून उत्तर देतो" एवढंच म्हणा आणि बाहेर पडा, त्यांना तुम्हाला त्याच दिवशी राजीनामा द्यायला लावायचा कसलाही कायदेशीर अधिकार नाही. लगेच स्वतःच एक मेल करा, आज अमुक वाजता मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी स्वतःहून नोकरी सोडत नाहीये. अपॉइंटमेंट लेटर, गेल्या काही वर्षांची अप्रेझल लेटर, पगाराच्या स्लिपा, हे लॅपटॉप गेल्यावर मिळत नाही, आत्ताच काढून ठेवा. क्लायंटचा डेटा मात्र घेऊ नका, तेच मग तुमच्यावर वापरतात. दबावाखाली राजीनामा दिलाच असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तो मागे घेतोय असं लिहून पाठवा आणि कामगार आयुक्तांकडे अर्ज करा. पुण्यात नाईट्ससारखी संघटना आहे, बंगळूर-चेन्नईत युनियन आहेत, सगळ्याच केस जिंकतात असं नाही, पण कामगार आयुक्तांकडून नोटीस आली की कंपनीची भाषा बदलते हे मी स्वतः पाहिलंय.

आणि शेवटी आमच्यातल्याच मधल्या फळीतल्या लोकांशी बोलायचंय, लीड आणि मॅनेजर लोकांशी, कारण यादी आपल्याकडूनच जाते. वरून मेसेज येतो की दोन नावं पाठव, संध्याकाळपर्यंत पाठव, कारण नंतर भरू. ही विनंती नेहमी फोनवर किंवा तोंडी येते, मेलवर कधीच येत नाही, आणि नावं मात्र आपल्याकडून एक्सेलमध्ये मागतात. पुढच्या वेळी नावं मागितली तर मेलवर मागा म्हणावं, निकष काय आहेत ते लिहून मागा, आणि ज्यांना तुम्ही मार्चमध्ये चांगलं रेटिंग दिलंय त्यांचं नाव जूनमध्ये देऊ नका. तुमच्यावर दबाव येईल हे मला माहीत आहे, माझ्यावरही येतो. पण टीसीएसच्या २०२५ च्या त्या कपातीत मुख्यतः मधली आणि वरचीच फळी होती, म्हणजे काल यादी बनवणारेच आज यादीत होते, आणि त्यांच्यापैकी किती जणांकडे निकष काय होते याचा एक साधा मेल असेल जो लेबर ऑफिसमध्ये दाखवता येईल?